विटांचा पेव्हर दर पावसाळ्यात खचतो? नवी वीट घेण्याआधी खालचं तपासा

गौरी-गणपती उरकले की कोल्हापुरात ही तक्रार हमखास ऐकू येते. गेटपासून पोर्चपर्यंत लाल विटांचा पेव्हर बसवलेला असतो, दिसायला देखणा. पण गाडीची चाकं जिथून जातात तिथं दोन पट्टे बसलेले, त्यात पाणी साचलेलं, आणि चार-दोन विटा पायाखाली डुगडुगतायत. गवंडी येतो, तेवढ्या विटा काढतो, खाली दोन पाट्या कच (दगडाचा बारीक चुरा) टाकतो आणि परत बसवून जातो. दिवाळीला सगळं सपाट दिसतं. पुढच्या जुलैत चाकोरी परत तिथंच. दोन-तीन वर्षं असं झालं की घरमालक वैतागून म्हणतो, वीटच बोगस निघाली, आता काँक्रीटचे ब्लॉक घालूया.

पेव्हर आणि कंपाउंडची कामं करताना मला दिसलंय ते असं: खचलेल्या दहा ठिकाणांपैकी बहुतेक ठिकाणी वीट शाबूत असते. तिच्या खालचं पोट, म्हणजे भरावाचे थर, बसलेलं असतं. तेच पोट ठेवून वर महागडे ब्लॉक घातले तरी चाकोरी त्याच जागी पडणार. म्हणून आधी खचण्याचं कारण शोधायचं आणि मग वीट निवडायची. हा क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात.

खड्डा कुठं आणि कसा पडलाय

पहिलं काम फुकटचं आहे. चांगला पाऊस पडून गेल्यावर अर्ध्या तासानं बाहेर या आणि पाणी कुठं थांबलंय ते बघा. जमलं तर खडूनं त्याची कड आखून ठेवा.

चाकांच्या रेषेत दोन लांब पट्टे बसले असतील तर पोट कच्चं आहे किंवा विटेखालची वाळू चिखल झालीय. हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, त्याबद्दल पुढं सविस्तर सांगतो. वाटेला आडवी, सरळ रेषेत नाली पडली असेल तर खालून गेलेली ड्रेनेजची किंवा नळाची पाईप आठवा. चर भरताना सगळी माती एकदम लोटलेली असते, धुमस करून, म्हणजे ठोकून दाबलेली नसते, ती दोन-तीन पावसाळे बसतच राहते. तिथं सगळा पेव्हर उखडायची गरज नाही, तेवढाच चर उघडून थराथरानं भरायचा. एकाच जागी परातीएवढा गोल खड्डा असेल तर वर बघा, गच्चीचा पावसाळी पाईप बहुधा बरोबर त्याच्यावर सुटलेला असतो. कडेच्या विटा बाहेर सरकून सांधे रुंद झाले असतील तर कड बांधलेली नाही. गेटच्या आत, गाडी जागच्या जागी वळवतो तिथं विटा गोल फिरल्यासारख्या दिसत असतील तर मांडणी चुकलीय.

आणि घूस. हे कुणी पटकन लक्षात घेत नाही. कंपाउंडच्या भिंतीलगत अचानक खड्डा पडला आणि बाजूला भुसभुशीत मातीचा ढीग दिसला तर पाण्याला दोष देऊ नका. घुशी पेव्हरखालची वाळू उकरून बिळं करतात, वरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस चाक आत जातं. अशा जागी बीळ शेवटपर्यंत उकरून, खडी-काँक्रीटनं भरून मगच विटा बसवायच्या.

वीट उलटी फिरवून बघा

चाकोरीतल्या तीन विटा आणि चाकोरीबाहेरच्या तीन विटा उचला. शेजारी शेजारी ठेवा.

पाचगावातल्या एका घरी असंच केलं होतं. चाकोरीबाहेरची वीट निघाली तेव्हा तिच्या तळाला कोरडी, मोकळी वाळू होती, हातानं झाडली की पडत होती. चाकोरीतली वीट चिखलातून पाय काढावा तसा आवाज करत निघाली. तळाला काळा, गुळगुळीत, लोण्यासारखा थर. सांध्यांत वाळूऐवजी तोच काळा गाळ खालून वरपर्यंत चढलेला. घरच्या काकू शेजारीच उभ्या होत्या. "दादा, विटा तर खणखणीत वाजतात की. मग खचतंय कसं?" मी म्हटलं, "काकू, गाडी गेली की वीट खाली दाबते, आणि खालचं पाणी माती घेऊन सांध्यातून वर येतं. दरवेळी चमचाभर. पावसाळाभरात किती झाली बघा."

याला आमच्याकडे पंपिंग म्हणतात. त्याला तीन गोष्टी लागतात: साचलेलं पाणी, बारीक भुकटी आणि वरून पडणारा भार. भार टाळता येत नाही, गाडी तर घरात येणारच. उरलेल्या दोन आपल्या हातात आहेत.

भुकटी कुठून येते? एक तर खालच्या काळ्या मातीतून. आणि दुसरी आपणच घालतो. स्वस्त पडते म्हणून विटेखाली क्रशरची भुकटी अंथरतात. कोरडी असताना ती दगडासारखी घट्ट बसते, म्हणून गवंड्यालाही आवडते. पण तिच्यात पिठासारखा भाग जास्त असल्यानं ती पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली तिची लापशी होते. विटेखाली जाडसर, धुतलेली वाळू हवी. मूठभर ओली वाळू दाबून हात उघडा, तळहात मातकट झाला तर ती नको.

आपल्या भागात आणखी एक मोह असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे फाउंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने), त्यामुळं साच्याची वापरून झालेली काळी वाळू भरावाला कुणी ना कुणी फुकट देऊ करतो. पेव्हरखाली ती घालू नका. साच्याची वाळू घट्ट धरावी म्हणून तिच्यात बेंटोनाइट मिसळलेलं असतं, आणि बेंटोनाइट म्हणजे पाण्यानं फुगणारी चिकणमातीच. काळ्या मातीला फुगवणारं खनिजही त्याच जातीचं. जे काढायला आपण खुदाई करतोय, तेच परत आत भरल्यासारखं होईल.

विटेखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलाही बऱ्याच ठिकाणी सापडतो. गवत उगवू नये म्हणून घातलेला असतो. गवत थांबत नाही, त्याचं बी वरून सांध्यात पडतं. पाणी मात्र कागदावर अडून राहतं. निघाला तर काढून टाका.

माती कुठली, हे सगळ्यात मोठं

कोल्हापुरात गावभर एकच माती नाही. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं जांभा आणि तांबडी माती. पूर्वेला हातकणंगले, शिरोळकडं खोल काळी माती. नदीकाठाला गाळाची. शहराभोवती नव्यानं झालेल्या कॉलन्यांमध्ये तर एका प्लॉटला मुरूम लागतो आणि चार प्लॉट सोडून काळी जमीन. काल-परवा ऊस निघालेल्या रानात घरं उभी राहिलीत, तिथली माती काळी धरूनच चाला.

उन्हाळ्यात मोकळ्या जागेत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात का? पडत असतील तर ती फुगणारी माती आहे. पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि वरचा पेव्हर तिच्याबरोबर वरखाली होतो. काठाची माती आधी वाळते, मधली उशिरा, म्हणून उन्हाळ्यात कडा खाली आणि मध्य वर अशी पाठ आलेली दिसते.

गणपतीनंतर केलेली दुरुस्ती टिकत नाही त्याचं कारण इथंच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते. तिच्यावर कितीही धुमस करा, ती दबत नाही, नुसती हलते. त्या फुगलेल्या मातीवर आपण लेव्हल लावून विटा बसवतो आणि मार्चपर्यंत तीच माती आक्रसून खाली जाते. विटा पोकळीवर राहतात. पहिल्या वळवाचं पाणी त्या पोकळीत शिरतं. हे काम फेब्रुवारी ते मे या दिवसांतच काढा. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून घाई करायची असेल तर तात्पुरतं डुगडुगणाऱ्या विटांपुरतं करा आणि पोटाचं काम उन्हाळ्यावर ठेवा.

काळ्या मातीवर इलाज एकच, थोडी काढायची आणि वर न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर द्यायचा. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांची अस्तरं फुटू नयेत म्हणून आयआयटी मुंबईतल्या आर. के. कट्टी यांनी चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. आपल्याला कालव्याएवढा थर परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही, पण तत्त्व तेच. घरच्या गाडीसाठी काळ्या जमिनीत साधारण दीड फूट खुदाई धरा: खाली नऊ इंच दाबलेला मुरूम, त्यावर चार-पाच इंच खडी आणि कच मिसळून दाबलेला थर, मग वाळू, मग वीट. जमीन मूळचीच मुरमाड असेल तर नऊ इंचांचा थर वगळा, नुसता खडीचा थर पाच-सहा इंचांचा करा. परवडत असेल तर काळी माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड घाला. ते पाणी सोडतं आणि गाळ अडवतं.

मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचे चार इंच दबतात. पाच-सहा इंच सुटा थर पसरायचा, पाणी मारायचं, मूठ वळेल पण हाताला चिखल लागणार नाही एवढंच, आणि प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबायचं थरथरणारं यंत्र) फिरवायचा. मग पुढचा थर. ठेकेदाराला कोटेशनमध्ये हे शब्दात लिहायला सांगा: किती थर, प्रत्येकी किती जाडी. दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब वाट धरली तर ३०० चौरस फूट होतात, नऊ इंच दाबलेल्या थराला २२५ घनफूट मुरूम, आणि सुटा मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून प्रत्यक्षात तीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास मागवावा लागतो. कुणी सव्वा-दीड ब्रासमध्ये भागवतो म्हणाला तर तो थर निम्मा होणार आहे, हे तिथंच समजून घ्या.

आता वीट

पोट ठरलं की वीट निवडणं सोपं होतं. बाहेरच्या थंड देशांतले लेख वाचून बरेचजण बर्फानं वीट फुटण्याची काळजी करतात. आपला शत्रू वेगळा आहे. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पश्चिमेला गगनबावड्यात त्याच्या कितीतरी पट, आणि तीन महिने ऊन नाही. म्हणजे आपली वीट पाणी पिणारी असेल तर शेवाळ धरणार, पांढरा क्षार फुटणार आणि ओली असताना चाकाखाली कोपरे झडणार.

घर बांधायच्या साध्या विटेला भारतीय मानक १०७७ प्रमाणे वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. फरसबंदीच्या भाजलेल्या विटेचं मानक वेगळं, ३५८३, त्यात ही मर्यादा ५ टक्के. भिंतीत चालणारी वीट गाडीखाली का टिकत नाही, ते या दोन आकड्यांत आहे. घरी तपासायचं तर वीट दोन दिवस कडक उन्हात वाळवा, काट्यावर वजन करा, २४ तास बादलीत बुडवा, पुसून परत वजन करा. तीन किलोची वीट ६०० ग्रॅम पाणी प्यायली तर ती भिंतीची. दीडशेच्या आत राहिली तर बिनधास्त घ्या. एकच वीट नको, गाडीतून वरच्या, मधल्या, खालच्या अशा पाच-सहा उचला, कारण भट्टीत मधल्या आणि काठाच्या विटांच्या भाजणीत फरक पडतो. पिवळट वीट टाका. खिळ्यानं ओरखडा खोल पडत असेल तीही टाका.

भट्टीची हातथापीची वीटच लावायची हौस असेल, गावच्या घराला ती शोभते हे मलाही मान्य, तर चांगली भाजलेली निवडून ती आडवी न ठेवता कडेवर उभी बसवा. छापाचा खड्डा असलेली वीट पालथी घातली तर त्या खड्ड्यात वाळू पूर्ण भरत नाही, पोकळी राहते, आणि चाक आलं की वीट मधोमध मोडते. कडेवर ठेवली की तो प्रश्नच मिटतो आणि जाडीही चार इंच मिळते. खर्च वाढतो: नऊ बाय चारच्या तोंडानं चौरस फुटाला चार विटा लागतात, कडेवर नऊ बाय तीननं सव्वापाचच्या वर. ३०० चौरस फुटांना १२०० ऐवजी १६००, वर तुटफूट. आणि ही वीट फक्त कारसाठी. विटांची ट्रॉली किंवा पाण्याचा टँकर आत येणार असेल तर तिचा हट्ट धरू नका.

यंत्रावर कापलेली, कडक भाजलेली फरसबंदीची वीट मिळाली तर तीच पहिली पसंती. रंग आतपर्यंत भाजलेला असतो, उन्हापावसात उडत नाही. काँक्रीटच्या लाल ब्लॉकचा रंग वरच्या थरात असतो, वर्षागणिक फिका पडतो. पण काँक्रीटचे ब्लॉक वाईट आहेत असं अजिबात नाही. मानक १५६५८ प्रमाणे हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडी आणि एम ३५ (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) ताकद सांगितलीय, ट्रॅक्टर-टेम्पोची ये-जा असेल तर ८० मिलिमीटर, एम ४०. दुकानात ५० मिलिमीटरचा ब्लॉक 'कारला चालतोय की' म्हणून पुढं करतात. तो पायवाटेचा आहे.

जांभ्याचा चिरा काहीजण सुचवतात. मला तो भिंतीला आवडतो. गाडीखाली, पावसात, तो झिजतो आणि शेवाळतो.

बसवताना तीन जागा सोडू नका

पहिली, कड. दोन्ही बाजूंना काँक्रीटचा कर्ब, म्हणजे काठाची पट्टी, पोटापर्यंत खोल घ्या. त्याशिवाय कितीही भारी वीट बाहेर सरकणारच. पण कर्बनं पाणी आत कोंडतं, म्हणून सखल बाजूला वाळूच्या थराच्या पातळीला दर चार-पाच फुटांवर पाईपचा तुकडा ठेवा, आतल्या तोंडाला बारीक जाळी. हे एक काम बहुतेक ठिकाणी राहून गेलेलं असतं, आणि पंपिंगचं निम्मं दुखणं त्यानंच थांबतं.

दुसरी, ढाळ. दहा फुटांना अडीच इंच. तो खुदाईपासून द्यायचा, वाळू कमीजास्त करून नाही. वाळूचा थर सगळीकडं सारखा, सुमारे सव्वा इंच. एक इंची जीआय पाईप बाहेरून ३३ मिलिमीटर भरतो. असे दोन पाईप पोटावर ठेवून त्यांच्यावरून सरळ पट्टी ओढली की थर आपोआप सारखा येतो. जिथं वाळू दोन-तीन इंच जाते तिथं पुढच्या वर्षी खड्डा ठरलेला. खचलेल्या जागी कच टाकून विटा वर आणण्याची दुरुस्ती याच कारणानं फसते. गच्चीचा पाईप पेव्हरवर सोडू नका, बंद नळीनं गटारीपर्यंत न्या.

तिसरी, मांडणी आणि सांधे. गाडीखाली हेरिंगबोनच. एकमेकांत काटकोनात अडकलेल्या विटांमुळं चाक पुढं ढकलतं तो जोर चारी बाजूंना वाटला जातो, आणि जागेवर स्टेअरिंग फिरवलं तरी वीट फिरत नाही. चटईची नक्षी अंगणात, तुळशीभोवती करा. सांधे दोन ते चार मिलिमीटर, त्यात कोरडी बारीक वाळू झाडून कॉम्पॅक्टर फिरवायचा, परत वाळू, परत कॉम्पॅक्टर. भाजलेल्या विटेचे कोपरे उडू नयेत म्हणून प्लेटखाली रबरी चटई बांधायला सांगा.

सांध्यात सिमेंटचं पाणी ओतू देऊ नका. 'एकदम पॅक होतंय' असं म्हणून आग्रह होतो. लवचीक पोटावर सिमेंटचा सांधा पहिल्या पावसाळ्यात तडकतो, फटीतून पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. वर विटेवर क्षार फुटतो तो वेगळाच.

पहिल्या पावसाळ्यानंतर

सांध्यांतली वाळू पहिल्या पावसात थोडी खाली बसते. दिवाळीच्या आधी कोरड्या दिवशी परत वाळू झाडून भरा. शेवाळाला ताठ ब्रश आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी पुरतं. ॲसिड टाकू नका, विटेचं तोंड खातं. प्रेशरचा पाईप सांध्यावर सरळ मारला तर वाळू उडून जाते, तिरपा आणि लांबून मारा.

नदीकडच्या भागात ज्यांची घरं आहेत त्यांच्यासाठी वेगळं. २०१९ आणि २०२१ ला पाणी दारात आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडते तेव्हा अंगणात पाणी दिसत नसलं तरी जमिनीखाली ते चढलेलं असू शकतं. पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवस तरी गाडी पेव्हरवर घालू नका, पोट निथळू द्या. वरचा गाळ ओला असतानाच खोऱ्यानं ओढून काढा, सुकू दिला तर तो सांध्यात सिमेंटसारखा बसतो. मग सांध्यांतला वरचा गाळानं भरलेला इंचभर भाग पट्टीनं खरवडून नवी वाळू भरा.

आणि काम झाल्यावर त्याच लॉटमधल्या पन्नासेक विटा कंपाउंडच्या कडेला रचून ठेवा. पुढच्या हंगामाच्या विटेचा रंग आणि माप दोन्ही जुळत नाही. नळाच्या पाईपसाठी कधी ना कधी चर खोदावाच लागतो, तेव्हा त्या लागतील.